चाकावर देव यायचा नाय

"मग आता राहता कुठे?"

महाडात पाय ठेवल्यापासून हा प्रश्न मला भाजीवालीपासून डॉक्टरच्या कंपाउंडरपर्यंत सगळ्यांनी विचारला. मी सांगायचे, "गाडीत राहतो." समोरचा मान डोलवायचा, आणि मग आवाज बारीक करून म्हणायचा, "हो, ते झालं हो. पण राहता कुठे?"

अरे बाबांनो, गाडीतच! त्यात पलंग आहे, गॅस आहे, नाकाएवढी का होईना मोरी आहे, डब्यात लावलेली तुळस आहे. यजमानांनी सगळी हयात एसटीच्या डेपोत इंजिनं उघडण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली, बाकडी उपटून टाकली आणि आत संसार बसवला. पडदे मी शिवले. गाद्यांच्या खोळी मी शिवल्या. तेव्हापासून आम्ही हंपीला थंडी काढतो, उन्हाळा कुठेतरी उंचावर काढतो, आणि पावसाळ्यात कोरडी जमीन शोधत फिरतो. पण महाडकरांना हे पटत नाही. त्यांच्या मते आमचं काहीतरी बुडालेलं आहे आणि आम्ही ते लपवतो आहोत.

बुडालं होतं, ते खरं आहे. महाडात आमचं घर सखल भागात होतं आणि पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान. नदी एकदा आत आली तेव्हा मी पदर खोचला, चिखल उपसला, मशीन उघडून वाळवलं, पुन्हा ब्लाऊज शिवायला बसले. दुसऱ्यांदा आली तेव्हा पाणी छताच्या पट्टीला लागलं होतं. गिऱ्हाइकांच्या लग्नाच्या साड्या गाळात गेल्या. मी दारात उभी राहून यजमानांना सांगितलं, चिखल काढायला मी जन्माला आलेली नाही, आता या गावात माझा एकही पावसाळा जाणार नाही. त्याच पावसात वर गावी, पोलादपूरच्या डोंगरात, यजमानांनी स्वतःच्या हातांनी बांधलेल्या दोन खोल्यांवर मागची दरड आली. आम्ही महाडात होतो म्हणून वाचलो. घर राहिलं नाही, नुसतं जोतं उरलं. महाडचं घर विकलं आणि त्यातून ही गाडी आली. सरळ गोष्ट आहे. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

यंदा शिमग्याला गावी जायचं हे यजमानांनी ठरवलं. मी नको म्हटलं नाही, पण मला धास्ती होती. फिरता फिरता हा माणूस मधूनच विचारायचा, आपल्याकडे आता काजू मोहरला असेल ना? मला कळायचं. त्यांना परत यायचं होतं. आणि मला यायचं नव्हतं. हे आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही.

महाडात आम्ही माझ्या मैत्रिणीच्या दारात गाडी लावली. ती माझी जुनी शेजारीण. तिच्या मालकांचे ट्रक आहेत, मोठा मुलगा दुबईला असतो. मला वाटलं, ही तरी समजून घेईल. घेतलंही. म्हणाली, "ट्रकवाल्याची बायको आहे मी. गाडी म्हणजे घर, हे मला काय सांगतेस!" आणि लगेच पुढच्या वाक्याला, "वरच्या खोलीत गादी घातलीय. आज तिथे झोपायचं."

"अगं पण माझी गादी दारात उभी आहे."

"माझ्या दारात येऊन तू गाडीत झोपलीस तर मोहल्ला माझ्या तोंडात शेण घालेल. गप वर चल."

तर आम्ही स्वतःचं घर तिच्या खिडकीखाली लावून दोन दिवस तिच्याकडे पाहुणे म्हणून राहिलो. सकाळपासून गाडी बघायला माणसं. प्रत्येक बाई आत शिरली की पहिली मोरीचं दार उघडणार, आत डोकं घालणार, आणि माझ्याकडे वळून विचारणार, "इथेच?" इथेच! तुमच्याकडे काय बागेत असते? मैत्रीण मागे उभी राहून तोंडाला ओढणी लावून हसत होती. तिला मी नंतर चांगलं झापलं. तिने मला शेवयांची खीर वाढली आणि पुढच्या बाईला आत सोडलं.

मग गावभर बातमी गेली की आम्ही वर जाणार. रिकामी गाडी डोंगरात नेणं आमच्याकडे पाप समजतात. कुणाचीही गाडी असो, वर जाते म्हणजे ती सगळ्यांची. "जाताच आहात तर एवढं न्या" करत करत माझ्या पलंगावर तांदळाच्या गोणी आल्या, गॅसपाशी दुरुस्त झालेला पंप आला, मधल्या वाटेत मांडवाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. नाते गावाहून आलेल्या एका आजी पोलादपूरला लेकीकडे निघाल्या होत्या, त्याही बोचक्यासकट चढल्या. गोणीवर बसून त्यांनी माझ्या मसाल्याच्या डब्यांची झाकणं एकेक करून उघडली, वास घेतला, आणि म्हणाल्या, "मसाला बाजारचा हाय गो." मी कपाळावर हात मारला. यजमान पुढे स्टिअरिंगवर शीळ घालत होते. माझ्या घराची मालगाडी झाली होती आणि ह्यांना आनंदाचं भरतं आलं होतं.

उमरठचा फाटा मागे टाकून आम्ही वर चढलो. आमचं ठरलं होतं की गाडी थोरल्या दिरांच्या अंगणात लावायची. अंगण मोठं आहे, जाऊबाई वाट बघत असणार, सगळं ठरलेलं. यजमानांनी अंगण ओलांडलं, खाली वळण घेतलं आणि गाडी नेऊन थेट आमच्या जुन्या जोत्यावर उभी केली. पुढची दोन चाकं जिथे आमची ओटी होती तिथे, मागची जिथे चूल होती तिथे. इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "सपाट जागा आहे."

सपाट जागा! मागे बघितलं. डोंगराचा तो तुटलेला भाग अजून लालच होता, मधून मधून गवत उगवलेलं. मला दरदरून घाम फुटला. फाल्गुनात दरड येत नाही हे मलाही कळतं, मी काही वेडी नाही. पण शरीराला कोण समजावणार? आणि दरडीपेक्षा मला भीती वाटत होती ती यजमानांच्या चेहऱ्याची. गाडीतून उतरून ते जोत्याच्या कडेला बसले आणि एका चिऱ्यावर हात फिरवत राहिले. मी मनात म्हटलं, झालं. हा माणूस आता इथून हलत नाही. पत्रे येणार, विटा येणार, आणि मी पुन्हा छपरावर पावसाचा आवाज ऐकत मागच्या डोंगराकडे बघत बसणार.

जाऊबाई धावत आल्या. गाडीत डोकावल्या, गॅस बघितला, पलंग बघितला, आणि डोळ्यांना पदर लावला. "काय गो दशा झाली तुमची! माझ्याकडं खोली नाय काय?"

"वहिनी, दशा झालेली नाही. आम्हाला आवडतं."

"हां, हां," त्या म्हणाल्या, आजारी माणसाला म्हणतात तसं. आणि भाकऱ्यांची चळत पलंगावर ठेवून गेल्या.

आमच्या गावची पालखी शिमग्यात घरोघर फिरते. सहाणेवरून, म्हणजे तिच्या चौथऱ्यावरून, देवी उठली की ढोल-सनईच्या खालूबाज्याच्या तालावर एकेका दारात येते. घरचा माणूस नारळ ठेवतो, बाई ओटी भरते, गावचा मानकरी त्या घराच्या नावाने गाऱ्हाणं घालतो. कुठल्या दारानंतर कुठलं दार हे बापजाद्यांपासून ठरलेलं. मुंबईला चाळीच्या खोलीत राहणारा असो की दुबईला क्रेन चालवणारा, पालखी आपल्या दारात येते एवढ्यावर तो या गावचा असतो. आमचं घर गेल्यापासून पालखी दिरांच्या दारातून थेट पुढच्या घरी जायची. आमचं दार गाळलं गेलं होतं.

आम्ही पोचलो त्या दिवशी त्यांच्या ओसरीवर जेवताना दीर म्हणाले, "नारळ तुझा बी ठेवू माझ्याच दारात. काळजी करू नको."

यजमान खाली बघत म्हणाले, "दादा, माझ्या दारात येऊ दे पालखी."

"तुझं दार हाय कुठं?"

"ते काय." यजमानांनी खाली उभ्या गाडीकडे हात केला.

मला ठसकाच लागला. एवढ्यासाठी जोत्यावर गाडी! मला एका शब्दाने सांगितलं नाही. मी पाण्याचा तांब्या जरा जोरातच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सहाणेवर गाव बसलं. यजमानांनी हात जोडून विषय काढला. मानकरी म्हणजे गावातले सगळ्यांत म्हातारे काका, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. त्यांनी ऐकून घेतलं, तंबाखू थुंकली आणि म्हणाले, "चाकावर देव यायचा नाय."

कुणीतरी मागून विचारलं, का नाय?

"देव घराला येतो. आज हितं नि उद्या तितं, त्याला घर कसं म्हनायचं? उद्या कोनी रिक्षा लावंल नि म्हनंल, हितं बी ये."

मी बायकांच्यात मागे उभी होते आणि खरं सांगते, माझ्या जिवात जीव आला. सुटले! पालखी नाही तर जोतं नाही, जोतं नाही तर पत्रे नाहीत. यजमानांचं तोंड एवढंसं झालं होतं, त्याचं वाईट वाटलं, पण सुटले हे आधी वाटलं. तेवढ्यात पोरंटोरं "रिक्षा, रिक्षा" करून हसायला लागली, आणि माझं डोकं सटकलं.

रिक्षा? माझ्या घराला रिक्षा? त्या गाडीत मी तापाने फणफणलेली पडले आहे. त्या गाडीत मी जावईबापूंना पुरणपोळी वाढली आहे. मी पुढे झाले. जाऊबाईंनी पदर ओढला, तो मी सोडवून घेतला.

"काका, एक विचारू? ती समोरची तीन घरं कुणाची? वर्षभर कुलूप. परवा उघडली, परवा जाळ्या काढल्या. परत आठवड्याने कुलूप लागेल. तिथे देव जातो. का तर खाली चाकं नाहीत म्हणून. आणि माझ्या चुलीवर रोज भात शिजतो, रोज दिवा लागतो, आल्यागेल्याला चहा मिळतो, ती रिक्षा? घर म्हणजे काय हो, कुलूप?"

कुलूपवाले चाकरमानी दुसरीकडे बघायला लागले. काका माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मग म्हणाले, "सूनबाय बोलते बरोबर."

मला तेव्हा कुठे कळलं की मी काय करून बसले.

"पन," काका म्हणाले, "चाकं हायत ना. चाकं असंस्तोवर नाय."

डेपोतले यजमानांचे दोन जुने मित्र महाडहून खास शिमग्याला आले होते. त्यातला एकजण उठून उभा राहिला. "चाकंच ना? काढू की! त्यात काय?"

आली का पंचाईत! गाव हसलं, काकाही हसले, आणि ठरलं. मी किती ओरडले, कुणी ऐकलं नाही. चांगली धडधाकट गाडी, आणि सगळेच मेकॅनिक असल्यागत गाव तिच्यावर तुटून पडलं. एकेका कोपऱ्याला जॅक लागला. टेकू द्यायला दगड हवे होते, तर यजमानांनी जोत्याचेच सुटलेले चिरे उचलून आणले. एक चाक निघालं, दुसरं निघालं, चारी बाजूंची चाकं गडगडत दिरांच्या गोठ्यात गेली. म्हैस बिथरली, तिचा राग जाऊबाईंनी माझ्यावर काढला. आत माझ्या बरण्या एकमेकींवर आपटत होत्या. मी दारातून ओरडत होते, "अहो, हळू! लोणचं आहे!"

मग गाडीला उंबरा नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं. जाऊबाईंनी घरातून फळी आणली. समोर सारवलं, रांगोळी काढली. माझी प्लास्टिकची चटई काढून लांब फेकली. त्यांच्यापुढे मी काय बोलणार? तासाभरात माझं फिरतं घर चिऱ्यांवर बसलं, तोरण लावून, आणि मागे तो डोंगर. मी आत जाऊन पलंगावर बसले आणि मला रडू कोसळलं. चार भिंतींतून सुटायला मी एवढी पळाले, आणि गावाने मला धरून पुन्हा त्याच भिंतींच्या पायावर आणून बसवलं होतं. यजमान डोकावले. हात काळे झालेले, चेहरा उजळलेला. "काय झालं?"

"काही नाही. जा तुम्ही."

आणि ते गेले. इतकी वर्षं संसार करूनही "काही नाही" म्हणजे काय ते पुरुषांना कळत नाही.

ऊन कलल्यावर खालूबाजा वाजला. पालखी दिरांच्या दारात गेली, तिथून निघाली, आणि वळणावर क्षणभर थांबली. आमचं घर गेल्यापासून ती इथून वर जायची, या वेळी खाली वळली. खांदेकऱ्यांनी ती आमच्या जोत्यावर नाचवली. गुलालाने तुळस लाल झाली. मी खणानारळाने देवीची ओटी भरली. यजमानांनी नारळ ठेवला. काकांनी गाऱ्हाणं घातलं, ह्या घरच्या लेकराला, ह्या घरच्या सुनेला, जाईल तितं राख, येईल तितं राख. गाव एका सुरात म्हणालं, "होय म्हाराजा!"

मग काका यजमानांना म्हणाले, "बोल. काय मागनं हाय?"

यजमानांचं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. शब्द फुटेना. बाजा थांबलेला, अख्खं गाव बघतंय, खांदेकऱ्यांच्या खांद्याला रग लागलेली, आणि हा माणूस नुसता उभा. डोळ्यांतून पाणी.

"अहो, बोला की!" मी दबक्या आवाजात म्हटलं.

"मग सूनबाय, तू बोल," काका म्हणाले.

माझ्या मनात असं काही बोलायचं नव्हतं. पण आठवडाभर आवळून धरलेलं होतं ते सगळं तोंडातून बाहेर पडलं. "आई, ह्यांना जे काय मागायचंय ते दे त्यांना. ते बोलत नाहीत, तूच ओळख. आणि मला पावसाळ्यात इथे ठेवू नकोस. मला भीती वाटते गं. मला फार भीती वाटते."

कुणी हसलं नाही. जाऊबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. काकांनी माझं मागणं आपल्या भाषेत देवीला जसंच्या तसं सांगितलं, आणि गाव म्हणालं, "होय म्हाराजा!"

सकाळी मी उठले तर यजमान शेजारी नव्हते. बाहेर खडखड ऐकू आली. गोठ्यातून एकेक चाक ढकलत आणून ते एकटेच बसवत होते. मित्र अजून झोपलेले. मी चहा घेऊन गेले. नट आवळता आवळता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मला इथं राहायचं नव्हतं. तुला असं का वाटलं?"

"मग काय हवं होतं?"

"वर्षातून एकदा दार. बस्स."

त्यांनी पाना खाली ठेवला आणि चहा घेतला. "पुढच्या शिमग्याला मी एकटा येईन एसटीने. काकांशी बोलतो, जोत्यावर नारळ ठेवला तरी चालेल म्हणतील. तू कुठंतरी लांब थांब गाडी घेऊन. आल्यापासून तू रात्रभर जागी असतेस, डोंगराकडं पाठ करून. मला काय दिसत नाय?"

म्हणजे सगळं दिसत होतं! इतके दिवस दिसत होतं आणि हा माणूस काजूच्या मोहराबद्दल बोलत होता. मला इतका राग आला की काय सांगू.

"एकटे येणार? वा! आणि देवीची ओटी कोण भरणार? तुम्ही?"

त्यांनी वर बघितलं. मी पदर खोचला, खाली बसले आणि चिऱ्याशेजारचा जॅक पुढे सरकवला. "द्या तो पाना इकडे. असा आवळतात का नट? फाल्गुनात येऊ, पालखी झाली की निघू, आणि गाडीत माणसं भरायची नाहीत, आत्ताच सांगून ठेवते."